फी भरली, मग खावटी बाकी कशी?

यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक बाप वकिलांना विचारतोय, "म्या पोट्टीची फी भरली, सायकल घेऊन देली, दिवाईले कपडे देले, मंग खावटी कायची बाकी वो साहेब?" पिशवीत शाळेची पावती आहे, सायकलच्या दुकानाचं बिल आहे, आणि हातात थकलेल्या खावटीच्या, म्हणजे वेगळं राहणाऱ्या आईजवळच्या पोरीच्या पोटगीच्या, वसुलीची नोटीस.

खोटं बोलत नाहीये तो, पैसे खरंच गेलेत त्याचे.

पण कोर्टाच्या आदेशात लिहिलंय दर महिन्याला अमुक रक्कम आईच्या हाती, आणि ती का, तर तेल, तांदूळ, लाईट बिल, पोरीला ताप आला तर डॉक्टर, हे सगळं आईलाच बघावं लागतं, सायकल दारात उभी असली म्हणून किराणावाला उधारी सोडत नाही ना. म्हणून आपल्या मनाने केलेला खर्च बाप आपल्या मनानेच खावटीतून कापू शकत नाही, वजावट द्यायची की नाही ते कोर्ट ठरवणार, आणि हौसेने दिलेली वस्तू म्हणजे खावटी असं कोर्ट सहसा धरत नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. आदेश महिन्याचा, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो सोयाबीन निघालं की, कापूस विकला की, म्हणजे दिवाळीपासून पुढे दोन-चार महिने. जूनमध्ये तर उलट बी-बियाण्यालाच उसनवारी, आणि नेमकी तेव्हाच शाळेची फी. मग बाप कशीबशी फी भरतो, महिन्याचे पैसे थांबतात, आणि तिकडे आई तेच महिने दुसऱ्याच्या वावरात निंदण करून काढते. दोघांचंही दुखणं खरं आहे, पण उपाशी महिना पोरीच्या वाट्याला येतो म्हणून मला आईचं म्हणणं जास्त पटतं.

आणि थकबाकी साधी गोष्ट नाही बरं. खावटीचं जुनं कलम, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं, त्यात एकेका थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि जेलात जाऊन आलं म्हणून बाकी फिटत नाही.

सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये दोन्हीकडून उत्पन्नाचं शपथपत्र घ्यायला सांगितलं, त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, जमीन किती, पीक कोणतं, जनावरं किती, सगळं त्यात येतं. पोरांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर वाटून घ्यायचा, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून हे बोलायची जागा म्हणजे आदेश होतानाच. फी कोण भरणार, शाळेत थेट की आईच्या खात्यात, आणि ती खावटीच्या आत धरायची की वरून, हे तिथंच लिहून मागा. आदेश होऊन गेलाय आणि परिस्थिती बदलली, तर त्याच नव्या संहितेच्या कलम 146 खाली रक्कम बदलायचा अर्ज करता येतो, पण अर्ज केला म्हणून महिन्याचे पैसे थांबवू नका. द्याल ते बँकेतून किंवा फोनपेने द्या, नगदी दिले तर सही घ्या. आणि आईकडे वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बाईला आणि लेकराला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन करायचा तर 15100.