मदरबोर्डाची पारख

(कोल्हापूर येथे विद्यार्थी, संगणक-विक्रेते आणि लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

संगणक असेंबल करून घ्यायचा म्हटले की आपल्याकडे कोटेशनच्या पहिल्या ओळीत प्रोसेसर येतो. तो कितव्या पिढीचा, किती कोअरचा यावर बराच वेळ चर्चा होते, मग रॅम आणि एसएसडी यांचे आकडे ठरतात आणि मदरबोर्डाच्या ओळीत बहुधा एवढेच लिहिलेले असते : ‘एच ६१०’ किंवा ‘बी ७६०’. एवढ्या माहितीवर बोर्ड निवडता येत नाही, कारण हे त्या बोर्डावरील एका चिपचे, म्हणजे चिपसेटचे, नाव आहे आणि त्याच चिपवर उभारलेल्या दोन बोर्डांच्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो. चिपसेट काय ठरवतो, काय ठरवत नाही आणि तो जे ठरवत नाही ते कुठे पाहायचे, हा आजचा विषय आहे.

‘चिपसेट चांगला असेल तर मशीन वेगाने चालते’ हा सल्ला आपण सर्वांनी ऐकलेला आहे आणि एके काळी तो अगदी खरा होता. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये व्यत्यय (म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवून लक्ष वेधणाऱ्या सूचना), टायमर, स्मृतीशी थेट देवाणघेवाण अशी कामे वेगवेगळ्या अनेक चिपांकडे वाटलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘चिप्स अँड टेक्नॉलॉजीज’सारख्या कंपन्यांनी ही कामे मोजक्या चिपांत एकवटली आणि चिपसेट हा प्रकार रूढ झाला. पुढे त्याचे दोन भाग स्थिरावले. प्रोसेसरलगतचा नॉर्थब्रिज रॅम आणि ग्राफिक्स कार्ड सांभाळत असे, तर साउथब्रिज डिस्क, यूएसबी, ध्वनी अशी संथ कामे पाहत असे. प्रोसेसरला रॅममधील प्रत्येक बाइट नॉर्थब्रिजमार्फतच मिळत असल्यामुळे तोच प्रोसेसर इंटेल, व्हीआयए, एसआयएस किंवा एनव्हिडिया यांच्या चिपसेटवर वेगवेगळ्या गतीने चालत असे, आणि म्हणून त्या काळात चिपसेटची तुलना ही खरोखर गतीची तुलना होती.

ही स्थिती २००३ साली बदलू लागली. एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच घेतला. इंटेलने २००८ साली नेहेलम रचनेत तेच केले आणि २००९ साली एलजीए ११५६ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसरांत ग्राफिक्स कार्डाची पीसीआय एक्स्प्रेस ही वेगवान जोडणीही आत नेली. नॉर्थब्रिजला काम उरले नाही आणि पी ५५ हा चिपसेट एकाच चिपचा झाला. तेव्हापासून डेस्कटॉपचा चिपसेट म्हणजे मुख्यतः जोडण्या वाढवून देणारी चिप होय. रॅम थेट प्रोसेसरला जोडलेली असते, ग्राफिक्स कार्ड थेट जोडलेले असते आणि आजच्या बहुतेक बोर्डांवर पहिली एम.२ एसएसडीही (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी एसएसडी) थेट जोडलेली असते. तोच कोअर आय ५, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड चांगल्या बी ७६० वर आणि महागड्या झेड ७९० वर लावले, विजेच्या मर्यादा सारख्या ठेवल्या आणि ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, केले नाही, तर गतीत जाणवण्याजोगा फरक पडण्याचे कारण नाही. जुना सल्ला आजही दिला जातो आणि त्यापोटी विद्यार्थ्यांचे पालक हजारो रुपये अनावश्यक खर्च करतात, हे मला मनापासून खटकते.

मग चिपसेट ठरवतो काय? पहिली गोष्ट म्हणजे वाटांची संख्या. पीसीआय एक्स्प्रेसच्या एका वाटेला आपण लेन म्हणतो. तिसऱ्या आवृत्तीत एका लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १ जीबी, चौथीत २ आणि पाचवीत ४ जीबी माहिती जाते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर झेड ७९० हा चिपसेट चौथ्या आवृत्तीच्या २० आणि तिसऱ्या आवृत्तीच्या ८ लेन देतो, बी ७६० अनुक्रमे १० आणि ४ देतो, तर एच ६१० कडे चौथ्या आवृत्तीची एकही लेन नाही. मात्र या सर्व वाटा शेवटी प्रोसेसरपर्यंत पोहोचतात त्या डीएमआय नावाच्या एकाच दुव्यातून, आणि बी ७६० मध्ये त्या दुव्याची क्षमता एका दिशेने सुमारे ८ जीबी, तर झेड ७९० मध्ये सुमारे १६ जीबी आहे. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्या कितीही उभ्या असल्या तरी गाळप गव्हाणीच्या रुंदीवर ठरते, तसाच हा प्रकार आहे. चौथ्या आवृत्तीची एक वेगवान एसएसडी एकटीच सेकंदाला ७ जीबी वाचू शकते. अशा दोन एसएसडी बी ७६० च्या चिपसेटमागे लावून एकाच वेळी वाचल्या तर त्यांना ते ८ जीबी वाटून घ्यावे लागतील.

हा अडसर कुणाला जाणवेल? राजारामपुरीतील सीएच्या कार्यालयात हिशेबाची कामे करणाऱ्याला कधीच जाणवणार नाही, कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही नाही. लग्नसराईत अनेक कॅमेऱ्यांचे फोर-के चित्रीकरण एकत्र कापणाऱ्या व्यावसायिकाला तो जाणवू शकतो, आणि त्याने चिपसेट बदलण्याआधी एक साधी गोष्ट करावी : ज्या डिस्कवर प्रत्यक्ष काम चालते ती प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ स्लॉटमध्ये बसवावी. कोणता स्लॉट थेट आहे हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. एच ६१० मध्ये हा थेट एम.२ मार्गच बंद ठेवलेला आहे, रॅमचे स्लॉट दोनच असतात आणि रॅम ठरावीक गतीपलीकडे नेता येत नाही. म्हणूनच एच ६१० आणि बी ७६० यांतील फरक मला बी ७६० आणि झेड ७९० यांतील फरकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. झेड ७९० ची खास सोय म्हणजे नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरांचे ओव्हरक्लॉकिंग. ते करायचे नसेल आणि डिस्का, कार्डे फारशी नसतील, तर त्या सोयीचे पैसे मोजू नयेत.

स्लॉटच्या लांबीवरही विश्वास ठेवू नका. स्वस्त बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसतो, तो दिसायला सोळा लेनचा असतो, पण आत चार किंवा एकच लेन जोडलेली असते. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की दोन साटा पोर्ट (केबलने डिस्क जोडायच्या जागा) बंद पडतात. ग्राफिक्स कार्डाकडूनही असाच प्रश्न येतो. २०२२ च्या जानेवारीत आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच लेनचे आहे; चौथ्या आवृत्तीवर ते निभावते, पण एएमडीच्या ए ५२० सारख्या तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर लावले की दुवा निम्मा होतो आणि ४ जीबी स्मृती भरली की खेळ अडखळू लागतात. येथे प्रोसेसरही तपासावा लागतो. एएमडीचाच बी ५५० बोर्ड चौथी आवृत्ती देतो खरा, पण त्यात रायझन ५ ५६००जी बसवला तर तो प्रोसेसरच तिसऱ्या आवृत्तीचा असल्याने बोर्डाचा तो गुण वाया जातो. बोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड या तिघांत जी सर्वांत खालची आवृत्ती असेल तीच चालते.

एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर, जो २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आला, नावांचा गोंधळ अधिक आहे. बी ६५० मध्ये ‘प्रोमोंटरी २१’ नावाची एक चिप असते. एक्स ६७० मध्ये तीच चिप दोनदा, एकीमागे एक जोडलेली असते. दुसरी चिप जोडण्या वाढवते, पण प्रोसेसरकडे जाणारा दुवा तोच चौथ्या आवृत्तीच्या चार लेनचा राहतो. २०२४ साली आलेल्या एक्स ८७० मध्येही चिप तीच आहे, फक्त यूएसबी ४ आणि पाचव्या आवृत्तीचा ग्राफिक्स स्लॉट बंधनकारक केला गेला. यूएसबी ४ चा नियंत्रक प्रोसेसरच्याच चार लेन घेतो, त्यामुळे अशा अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटला आणि यूएसबीला त्या वाटून घ्याव्या लागतात. आकडा मोठा झाला म्हणजे सर्व काही वाढलेच असे नाही. शिवाय एएम ५ वर बी मालिकेतही प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, ही मुभा इंटेल आपल्या बी मालिकेत देत नाही.

आता ज्या भागाबद्दल कोटेशनमध्ये एक शब्दही नसतो, त्याकडे येतो. एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हे रूपांतर सॉकेटभोवतीचे मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटर करतात; या व्यवस्थेला व्हीआरएम म्हणतात. कोअर आय ७ १३७०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग आपोआप वाढलेला असताना, त्याची मर्यादा २१९ वॅट आहे. सव्वा व्होल्ट धरला तर हा प्रवाह १७५ अँपिअर होतो. हीटसिंक नसलेल्या, मोजक्या फेजांच्या (म्हणजे भार वाटून घेणाऱ्या समांतर शाखांच्या) स्वस्त बोर्डावर एवढा प्रवाह सतत वाहू लागला की मॉस्फेट तापतात आणि बोर्ड स्वतःच्या रक्षणासाठी प्रोसेसरची गती खाली आणतो. काही बोर्डांवर तर बायोसमध्येच, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, मर्यादा कमी ठेवलेली असते. प्रोसेसरला पैसे मोजायचे आणि त्याला पोटभर वीज द्यायची नाही, असा हा व्यवहार होतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे सिम्युलेशन तासन्‌तास चालते. तेथे एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखालच्या खोलीतील संगणकावर हा फरक तासांच्या हिशेबात दिसू शकतो. याउलट कोअर आय ५ १२४०० ची टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे आणि तो साध्या बोर्डावरही बहुधा नीट चालतो. माझा आग्रह असा की आय ७ किंवा त्यावरचा प्रोसेसर घेणाऱ्याने व्हीआरएमवर भक्कम हीटसिंक असलेला बी मालिकेचा बोर्ड घ्यावा आणि त्यासाठी लागल्यास दिव्यांची सजावट सोडावी.

रॅमविषयी थोडक्यात. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर ४ किंवा डीडीआर ५ या रॅमच्या पिढ्यांपैकी एकीचे असतात, एएम ५ चे फक्त डीडीआर ५ चे. चार स्लॉट असले तरी चारही भरणे हिताचे नाही : रायझन ७००० मालिकेत दोन मोड्यूलसाठी अधिकृत गती ५२०० आहे, चार बसवली की ती ३६०० वर येते. ६४ जीबी हवी असेल तर ३२ ची दोन घ्यावीत.

सॉकेटचे आयुष्य हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्याकडे संगणक पाच-सात वर्षे वापरला जातो. २०१७ साली पहिल्या रायझनबरोबर घेतलेला बी ३५० बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालवू शकतो. हे सहजासहजी मिळालेले नाही. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने बी ४५० आणि एक्स ४७० बोर्डांना झेन ३ या नव्या रचनेचे प्रोसेसर मिळणार नाहीत असे जाहीर केले होते आणि ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर निर्णय फिरवला. इंटेलने २०१७ साली झेड ३७० आणला तेव्हा सॉकेटचे नाव व आकार तोच एलजीए ११५१ होता, तरीही जुन्या झेड २७० वर आठव्या पिढीचे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नव्हते. एलजीए १७०० ला बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या मिळाल्या; २०२४ च्या ऑक्टोबरपासून इंटेल एलजीए १८५१ वर गेले आहे. एएम ५ ला २०२७ पर्यंत व त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आज मध्यम प्रोसेसर घेऊन तीन वर्षांनी तो बदलण्याचा विचार असेल, तर माझे मत एएम ५ कडे झुकते.

उद्यमनगरातील मित्रांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. जुनी सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणारी) यंत्रे अजून आरएस २३२ या जुन्या जोडणीने प्रोग्रॅम घेतात, आणि तिच्यासाठी लागणारा कॉम पोर्ट किंवा त्याचा हेडर (बोर्डावरील पिनांची जागा) कार्यालयीन वापराच्या साध्या बोर्डांवर सहज आढळतो, तर खेळांसाठीच्या महागड्या बोर्डांवर बहुधा नसतो. तेथे एच ६१० हीच योग्य निवड ठरू शकते. दुसरे म्हणजे, डिझाइनच्या अनेक सॉफ्टवेअरांचे परवाने बोर्डावरील लॅनच्या मॅक पत्त्याशी (त्या नेटवर्क जोडणीच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेले असतात आणि विंडोजचा ओईएम (नव्या संगणकासोबत मिळणारा) परवाना मदरबोर्डाशी. बोर्ड बदलण्याआधी परवाना कसा हलवायचा हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, म्हणजे काम बंद पडणार नाही.

शेवटचा मुद्दा बायोसचा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे कायमचे अस्थिर होत असल्याचे आढळले आणि २०२४ च्या ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतील मूळ सूचनांचे) उपाय आले. ते उपाय ग्राहकापर्यंत मुख्यतः मदरबोर्डाच्या बायोसमधूनच पोहोचतात. ज्यांच्याकडे अशा पिढीचा आय ७, आय ९ किंवा आय ५ मधील वरच्या श्रेणीचा प्रोसेसर आहे त्यांनी बायोसची तारीख आजच पाहावी. नवा बोर्ड घेतानाही हेच लागू आहे. दुकानात २०२२ च्या साठ्यातील बी ६५० बोर्ड असेल आणि तुम्ही रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर घेत असाल, तर जुन्या बायोसवर मशीन सुरूच होणार नाही. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर प्रोसेसर न बसवता, फक्त वीज आणि पेन ड्राइव्ह जोडून हे काम होते. बटण नसेल तर जुना प्रोसेसर हाताशी असलेल्या दुकानातूनच बोर्ड घ्या आणि बायोस अद्ययावत करून, मशीन चालू करून दाखवल्यावरच बिल करा.