चांदीचा फवारा

(दृश्य: हुपरीतला चांदीचा कारखाना. पैंजणाच्या साखळ्या जोडणारे हात.)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हुपरी. पैंजण, वाळे, जोडवी, मासोळ्या. इथं कारखान्यातली झाडलोटीची धूळसुद्धा उकिरड्यावर जात नाही; तिच्यातले चांदीचे कण गाळून काढतात. अशा मुलखात कुणी म्हणालं, की चांदी पिकावर फवारायची, तर लोक आधी त्याच्या तोंडाकडं बघतील आणि मग भाव विचारतील.

पण फवारतात, पिकावरचे रोग आणि किडी हटवायला. कृषी सेवा केंद्रांत नॅनो सिल्व्हर म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं द्रावण मिळतं, चांदी मिसळलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या पॉलिहाऊसवाल्यांना ही नावं नवी नाहीत. मोबाइलवर याची माहिती शोधायला गेलं, की थोड्याच वेळात एक वेगळं पीक समोर येतं. गांजा.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परवाने घेऊन तो बंद खोल्यांत, दिव्याखाली पिकवतात. बंद खोली, दमट हवा, दाटीनं लावलेली झाडं. तिथं भुरी, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी येणार, बोंडं कुजवणारी बुरशी येणार आणि लाल कोळी तर येणारच. आपल्याकडं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली उसाच्या फडात लपवलेली चार झाडं सापडली, तरी गुन्हा दाखल होतो. म्हणजे ते पीक तिकडचं. त्याच्यावरचा सल्ला मात्र इकडच्या काकडीपर्यंत पोचतो.

(दृश्य: काकडीचा वेल, पानावर भुरीचे पांढरे ठिपके.)

चांदी जंतू मारते, यात खोटं काही नाही. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात, विकरं बंद पाडतात, पेशीचं आवरण बिघडवतात. धातूंच्या अत्यल्प मात्रेच्या या परिणामावरचं कार्ल नेगेली या शास्त्रज्ञाचं लेखन १८९३ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. काचेच्या बशीतल्या बुरशीवर चांदी टाकली, की निकाल झकास दिसतो.

शेतातलं पाणी मात्र प्रयोगशाळेतलं नसतं. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचं पाणी घ्या. त्यात क्लोराइड भरपूर. विरघळलेल्या चांदीला क्लोराइड भेटलं, की पांढरा साका खाली बसतो आणि उन्हात काळवंडतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला परीक्षानळीत हेच केलेलं असतं. पंपाच्या टाकीत तसं झालं, तर चांदीची धार तिथंच बोथट होते. पेरॉक्साइडच्या मिश्रणाबद्दल आमचं मत असं, की पानावर तडकाफडकी जे काम दिसतं, त्यात पेरॉक्साइडचा वाटा मोठा असतो. नाव मात्र चांदीचं होतं.

किडींचं म्हणाल, तर कोळी, मावा, फुलकिडे यांच्यासाठी चांदी हा मुळात चुकीचा दरवाजा आहे. जंतूवर चालतं ते सहा-आठ पायांच्या जिवावर चालेलच, असं नाही. भुरीला गंधक आहे, केवडा या पानांवरच्या दुसऱ्या रोगाला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आहे. बोर्डो १८८५ पासून वापरात आहे आणि द्राक्षवाल्यांना ते झोपेतसुद्धा करता येतं.

(दृश्य: काकडीचं फूल, अगदी जवळून.)

आता खरी गंमत. चांदी झाडाशीही बोलते. झाडात इथिलीन नावाचा वायू तयार होतो. फळ पिकवणं, पान गाळणं ही त्याची कामं. चांदीचे आयन झाडाला इथिलीनची चाहूलच लागू देत नाहीत. म्हणून चांदीच्या द्रावणात ठेवलेली कार्नेशनची फुलं फुलदाणीत जास्त दिवस टिकतात. पण काकडीच्या वेलावर मादी फुलं येण्यामागंही इथिलीनचाच हात असतो. ते अडवलं, की फक्त मादी फुलं देणाऱ्या वेलावर नर फुलं येतात. बियाणं तयार करणारे हे मुद्दाम करतात, कारण तसल्या वेलाचा वंश चालवायला परागकण हवेच असतात. पॉलिहाऊसमधली काकडी बहुतेक याच मादी जातीची. तिथं भुरीसाठी म्हणून कुणी चांदीचा हात सैल सोडला, तर तोड्याला फळाऐवजी नर फुलं मोजायची पाळी यायची.

गांज्याच्या बाबतीत हेच संशोधन आपल्या देशात झालंय. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकारी संशोधकानं १९८२ मध्ये दाखवून दिलं, की सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेटमुळं गांज्याच्या मादी झाडावर नर फुलं येतात, आणि त्यांचे परागकण कामाचे असतात. जगभर 'फेमिनाइज्ड', म्हणजे मादी झाडंच देणारं म्हणून विकलं जाणारं बियाणं आज याच वाटेनं बनतं. गांजा म्हणजे मादी झाडाचे बिनबियांचे तुरे. त्यामुळं रोगासाठी चांदी मारणारा तिकडचा उत्पादक स्वतःच्याच मालात बी धरायचा धोका ओढवून घेतो.

शिवाय तो माल लोक जाळून धूर ओढतात. चांदी धातू आहे, ती कुजून संपत नाही. शरीरात साठत गेली, तर कातडी निळसर करडी पडते आणि तो रंग परत जात नाही. वैद्यकात याला अर्जिरिया म्हणतात. कोलॉइडल चांदीची, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या बारीक कणांची विनाचिठ्ठीची औषधं सुरक्षित किंवा गुणकारी मानता येत नाहीत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ मध्ये जाहीर केलं. तिकडच्या गांज्याच्या तपासणीत सहसा शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा हे चार धातू बघतात. चांदी त्या नेहमीच्या यादीत नाही. म्हणजे फवारली, तरी पकडणार कोण?

(दृश्य: कृषी सेवा केंद्राचा काउंटर, बाटली उलटी करून लेबल वाचणारा शेतकरी.)

आपल्याकडं रोग किंवा कीड मारणारं म्हणून काही विकायचं, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. शेतकरी ज्याला लेबल क्लेम म्हणतात, तो तिथूनच येतो: कुठलं पीक, कुठला रोग, एकरी किती, फवारणीनंतर तोडा किती दिवसांनी. बाटलीवर नुसतंच 'पिकाची प्रतिकारशक्ती वाढवते' असं लिहिलं असेल आणि दुकानदार तोंडी भुरीचं नाव घेत असेल, तर त्याला तो रोग आणि ते पीक पक्क्या बिलावर लिहून मागा. बरेचदा चांदीचा विषय तिथंच बदलतो आणि गंधकाची पुडी काउंटरवर येते.