वादळ पाठीमागून आलं

[गॅल्व्हस्टनची समुद्रभिंत, संध्याकाळ. सायकलवर पोरं, पलीकडे गढूळ समुद्र]

ही भिंत बघा. समुद्रसपाटीपासून १७ फूट उंच आणि लांबी म्हणाल तर १६ किलोमीटरच्या आसपास. टेक्सासच्या किनाऱ्याला चिकटून गॅल्व्हस्टन नावाचं बेट आहे, त्याच्या समुद्राकडच्या अंगाला ही उभी आहे. ८ सप्टेंबर १९०० ला इथे चक्रीवादळ आलं आणि साधारण ८ हजार माणसं गेली, कोणी ६ हजार म्हणतं कोणी १२ हजार, नीट मोजायला तरी कोण उरलं होतं. त्यानंतर भिंत बांधायला घेतली, आणि नुसती भिंत नाही हं, गावच उचललं, म्हणजे खरोखर घरांखाली जॅक लावून घरं वर घेतली आणि खाली वाळू भरली. समुद्राच्या भीतीने माणूस जे जे करू शकतो ते सगळं ह्या लोकांनी केलंय.

आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जे हिवाळी वादळ आलं ते समुद्राकडून आलंच नाही. ते उत्तरेकडून, जमिनीवरून, भिंतीच्या पाठीमागून आलं.

[नकाशा: आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत]

आधी जरा जागा समजून घेऊ. गॅल्व्हस्टनहून गाडीने तासाभरात ह्यूस्टन, आणि ह्यूस्टन आहे आपल्या हरिद्वारच्या अक्षांशावर. तिथे राहणारी मराठी मंडळी पुष्कळ, ऑइल कंपन्या, हॉस्पिटलं, नासा, त्यामुळे तुमच्या ओळखीत कोणीतरी असेलच. त्यांना विचारा, ते थंडीबद्दल नाही बोलणार, ते उकाड्याबद्दल बोलतील, एसीच्या बिलाबद्दल बोलतील. तिथली घरंसुद्धा उन्हाळ्यासाठीच बांधलेली. पाण्याचे पाइप कितीतरी घरांत वरती माळ्यातून नेलेले, धड गुंडाळलेले पण नाहीत, कारण गरजच काय.

थंडी तिथे येत नाही असं नाही. टेक्सासवाल्यांचा एक शब्दच आहे, ब्लू नॉर्दर. दुपारी तुम्ही शर्टावर फिरताय, उत्तरेला आभाळ काळंनिळं झालेलं दिसतं, वारा फिरतो आणि तासाभरात हुडहुडी भरते. पण ते एक-दोन दिवसांचं असतं, येतं आणि जातं.

ह्या वेळी गोष्ट महिनाभर आधी सुरू झाली होती, तीही जमिनीवर नाही, आर्क्टिकच्या वर तीसेक किलोमीटर उंचीवर. जानेवारीच्या सुरुवातीला तिथली हवा एकदम तापली. हो, तापली, उलटं वाटेल पण तसंच असतं. ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्याचं एक मोठं कडं फिरत असतं, पोलर व्हॉर्टेक्स, ते कडं थंडीला आत कोंडून ठेवतं. वरची हवा तापली की हे कडं ढिलं पडतं, वेडंवाकडं होतं, आणि मग आतला गारठा जिकडे वाट मिळेल तिकडे ओघळतो. आता हरिद्वारच्या डोक्यावर हिमालय आडवा उभा आहे, सैबेरियाची थंडी तिथेच अडते. कॅनडा आणि टेक्सासच्या मध्ये काय आहे? काही नाही. सपाट मैदान. अमेरिकेतल्या मोठ्या डोंगररांगा उभ्या, उत्तर-दक्षिण, ही थंडी अडवेल अशी आडवी एकही नाही. थंडी घसरगुंडीवरून यावी तशी थेट समुद्रापर्यंत.

ह्या वादळाला 'उरी' म्हणतात, आपल्याला काश्मीरचं उरी आठवतं पण त्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. हिवाळी वादळांना तिथलं सरकारी हवामान खातं नावंच देत नाही, वेदर चॅनल नावाची टीव्ही वाहिनी आपल्या मनाने देते आणि तीच लोकांच्या तोंडी बसतात.

[टीव्हीवरचे हवामानाचे नकाशे, दुकानातली रिकामी शेल्फं]

अंदाज चुकला असं कोणी म्हणू नये. चांगलं काही दिवस आधी सगळ्यांना कळलं होतं. ११ फेब्रुवारीला पहाटे फोर्ट वर्थमध्ये रस्त्यावर काचेसारखा बर्फाचा थर धरला आणि हायवेवर १३० पेक्षा जास्त गाड्या एकमेकांवर चढल्या, ६ जण गेले, ही तर नुसती नांदी. १२ तारखेला गव्हर्नर ग्रेग ॲबटने टेक्सासच्या सगळ्या २५४ काउंट्यांमध्ये आपत्ती जाहीर केली. हवामान खात्याचा हिवाळी वादळाचा इशारासुद्धा २५४ च्या २५४ काउंट्यांना. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. फ्रान्सपेक्षा मोठं राज्य, आणि त्याच्या एकूण एक जिल्ह्याला इशारा.

लोक तयारीला लागले. पण कसली तयारी? चक्रीवादळाची यांना पाठ आहे, प्लायवूड ठोका, पाणी भरा, बॅटऱ्या आणा, नाहीतर गाडी काढा आणि आत निघून जा. ह्याला काय करायचं? निघून जायचं तर जाणार कुठे, पुढे समुद्र आणि मागे सगळीकडेच थंडी. टीव्हीवर सांगत होते चार गोष्टी सांभाळा, माणसं, पाळीव जनावरं, पाइप आणि झाडं, इंग्रजीत चारही 'पी'वरून येतात म्हणून लक्षात ठेवायला सोपं. नळ थेंब थेंब चालू ठेवा, बाहेरच्या नळाला जुना टॉवेल गुंडाळा, कुंड्या आत घ्या. लोकांनी कुंड्या आत घेतल्या हो. त्यांना काय माहीत की घराच्या आत पण तेवढीच थंडी होणार आहे.

[रात्र. घरांचे दिवे एकेक करून जातात]

१४ फेब्रुवारी, रविवार. रात्री टेक्सासच्या विजेची मागणी ६९ हजार मेगावॅटवर गेली, हिवाळ्यात इतकी तोवर कधीच नव्हती, कारण तिथे निम्म्याहून जास्त घरांत हीटर विजेवरचे. आणि नेमक्या त्याच वेळी वीज बनवणारी केंद्रं एकेक करून बंद पडायला लागली.

इथे थोडं थांबतो, कारण खरी भानगड इथेच आहे.

टेक्सासची ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, वेगळी आहे, बाकी अमेरिकेपासून जवळजवळ तोडलेली. मुद्दाम. १९३० च्या दशकापासून तिथल्या वीज कंपन्यांनी ठरवलं की तारा राज्याबाहेर न्यायच्या नाहीत म्हणजे वॉशिंग्टनचे नियम लागू होणार नाहीत. ग्रिड सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव अर्कॉट. आता शेजारून वीज मागायची म्हटलं तर तारच बारीक.

ग्रिडची नाडी म्हणजे फ्रीक्वेन्सी, आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिकडे ६०, आणि मागणीपेक्षा वीज कमी पडली की ती खाली येते. १५ तारखेच्या पहाटे, दोन वाजायच्या जरा आधी, ती ५९.४ च्या खाली गेली, मग ५९.३ पर्यंत. ऐकायला कितीसा फरक वाटतो, पण ५९.४ च्या खाली ९ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रं स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडली असती आणि जवळजवळ सगळा टेक्सास काळोखात, तो पुन्हा चालू करायला कदाचित कित्येक आठवडे. ४ मिनिटं २३ सेकंद गेली होती. उरली होती ४ मिनिटं ३७ सेकंद. एवढ्यात एक कप चहा होत नाही.

मग कंट्रोल रूममधल्या लोकांनी जे करता येतं ते केलं, लोडशेडिंग. हा शब्द महाराष्ट्राला शिकवायला नको. पण आपल्या लोडशेडिंगला निदान टाइमटेबल असायचं, चार तास तुमच्याकडे, चार तास शेजारच्या गावाला, त्याप्रमाणे दळण आणि पाणी उरकून घ्यायचं. तिथेही सांगितलं होतं की आळीपाळीने जाईल. पण कमी करायची होती २० हजार मेगावॅट, आणि हॉस्पिटलं वगैरे ज्या लाइनवर ती लाइन तोडता येत नाही, मग तोडायला ज्या उरल्या त्या तुटल्या त्या तुटल्याच. ७० तास हे चाललं. ४५ लाखांवर घरं-दुकानं अंधारात. गॅल्व्हस्टनचं जवळजवळ अख्खं बेट काळोखात, आणि ह्यूस्टनला लोक खिडकीतून बघतायत की समोर डाउनटाउनच्या रिकाम्या ऑफिसांच्या टॉवर्सचे दिवे मात्र लख्ख चालू. चीड येणारच.

[गोठलेली गॅसविहीर, पाइपांवर बर्फाची टोकं]

बंद का पडलं? सोशल मीडियावर लगेच एक फोटो फिरला, पवनचक्कीच्या पात्यांवरचा बर्फ हेलिकॉप्टरने काढतायत, बघा पवनऊर्जेने टेक्सास बुडवलं. तो फोटो स्वीडनचा, जुना. पवनचक्क्या गोठल्या हे खरं, पण बंद पडलेल्यात सगळ्यात मोठा वाटा नैसर्गिक गॅसवर चालणाऱ्या केंद्रांचा होता. गॅसच्या विहिरी तोंडाशी गोठल्या. आणि ह्याहून भारी म्हणजे गॅस पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालतात, त्यांची वीज लोडशेडिंगमध्ये कापली गेली, कारण ही जागा अत्यावश्यक आहे असा फॉर्मच कोणी भरला नव्हता. म्हणजे वीज नाही म्हणून गॅस नाही, गॅस नाही म्हणून वीज नाही. विहिरीचा दोर विहिरीतच पडल्यासारखं झालं.

किनाऱ्याजवळ बे सिटीला साउथ टेक्सास अणुवीज प्रकल्प आहे. त्याची एक अणुभट्टी १५ तारखेला पहाटे बंद पडली, आणि कशामुळे, तर पाण्याच्या पंपाचा दाब मोजणारी एक बारीकशी नळी गोठली. अणुभट्टी धडधाकट, इंधन आहे, आणि १३०० मेगावॅट गेले एका नळीपायी. तिथल्या कित्येक वीज केंद्रांना भिंतीच नाहीत, यंत्रं उघड्यावर, कारण उन्हाळ्यात उष्णता बाहेर जायला हवी. चूक म्हणावी तर चूक पण नाही, ३६० दिवसांसाठी बरोबरच आहे की.

मी मात्र ह्याला नुसतं नशीब म्हणणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये असंच झालं होतं, लहान प्रमाणात, तेव्हा केंद्र सरकारच्या वीज आयोगाने चौकशी करून स्पष्ट लिहून दिलं होतं की केंद्रं थंडीसाठी तयार करा. करायला सांगितलं, सक्ती नाही केली. दहा वर्षं तो अहवाल पडून.

[घराच्या आत. ब्लँकेटं, मेणबत्ती, तोंडातून वाफ]

१६ फेब्रुवारी. आपल्याकडे त्या दिवशी वसंत पंचमी होती. ह्यूस्टनमध्ये पारा उणे साडेदहा, डॅलसला उणे १९. लोकांनी घरातल्या घरात एकाच खोलीत गाद्या टाकल्या, पोरांना मध्ये घेतलं, जितके स्वेटर होते तितके अंगावर. भारतातून फोनवर फोन, आणि तिकडे फोनची बॅटरी जपायची चाललेली, गाडीत बसून चार्ज करायची.

आणि गाडी असते गॅरेजमध्ये. गॅरेजचं दार बंद, इंजिन चालू, वर हीटरची ऊब मिळते म्हणून माणूस बसून राहतो. कोणी कोळशाची शेगडी घरात पेटवली, कोणी जनरेटर दाराशीच लावला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोप येते आणि संपलं. शेकडो लोक हॉस्पिटलात गेले, सरकारी यादीत ह्यानेच गेलेले १९. एकूण यादी २४६ जणांची, त्यातले निम्म्याहून जास्त निव्वळ थंडीने, काही तर आपल्या घरात, आपल्या पलंगावर. हे वाक्य मी रेकॉर्ड करताना तीनदा थांबलो.

माणुसकीचे प्रकार पण झाले. ह्यूस्टनच्या जिम मॅकइंगव्हेलने, तिथे त्याला सगळे मॅट्रेस मॅक म्हणतात, आपली फर्निचरची शोरूम उघडून दिली, या आणि विकायच्या सोफ्यांवर झोपा. लसीच्या डोसांचं तर वेगळंच, कोविडचा काळ होता ना, साठवणुकीच्या ठिकाणची वीज गेली, जनरेटरही गेला, आणि आठ हजारांवर डोस काही तासांत संपवायचे, मग हॉस्पिटलं, तुरुंग, राइस विद्यापीठ, जिथे माणसं एकत्र सापडतील तिथे टोचले.

नंतर पाणी. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, पाइपाला तेवढी जागा नसते, तो फाटतो. पण फाटलेला लगेच कळत नाही कारण आत बर्फाचं बूच बसलेलं असतं. कळतं ऊन पडल्यावर. म्हणजे वीज आली, लोकांनी हुश्श केलं, आणि मग छत खाली आलं. प्लंबर सोन्याच्या भावाने पण मिळेना. गावोगावचा पाण्याचा दाब गेला, सव्वा कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्या सांगितलं, ज्यांच्याकडे शेगडीच विजेची त्यांनी कशावर उकळायचं ते नाही सांगितलं.

आणि बिलं. घाऊक बाजारात विजेचा दर ९ हजार डॉलर मेगावॅट-तासाला बांधून ठेवला होता, म्हणजे युनिटला ९ डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण साडेसहाशे रुपये युनिट. ज्यांचा प्लॅन बाजारभावाशी जोडलेला त्यांना आठवड्याचं बिल हजारो डॉलर आलं. अंधारात बसून.

[साउथ पाद्रे बेट. होड्या, मिनीव्हॅन, मागच्या सीटवर कासवं]

शेवटी अगदी खाली जाऊ, मेक्सिकोच्या हद्दीजवळ, साउथ पाद्रे बेटावर. इथे बेट आणि जमीन ह्यांच्या मधे लगुना माद्रे नावाची उथळ खाडी आहे, हिरवी समुद्री कासवं तिथे चरतात. उथळ पाणी लवकर थंड होतं, आणि पाणी १० अंशांच्या खाली गेलं की कासवाचं अंग आखडतं, ते जिवंत असतं पण पोहता येत नाही, मान वर काढता येत नाही, तरंगत तरंगत बुडून मरतं. लोकांच्या स्वतःच्या घरात वीज नव्हती, पाणी नव्हतं, तरी होड्या काढून ही कासवं वेचायला गेले. गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर, पोरांच्या कार सीटशेजारी, जशी मावतील तशी आणली. सी टर्टल इंक नावाची संस्था आहे, तिची जागा भरली, मग गावचा मोठा हॉल उघडला, कन्व्हेन्शन सेंटर, आणि त्या हॉलच्या फरशीवर रांगेने कासवं, साधारण पाच हजार. तिथेही वीज गेलेली. जवळच बोका चिकाला स्पेसएक्सचं रॉकेट केंद्र आहे, त्यांनी जनरेटर पाठवला. संपूर्ण टेक्सासच्या किनाऱ्यावर मिळून अशी १२ हजारांहून जास्त कासवं सापडली, सगळी जगली नाहीत.

कासवाला एकदम ऊब देऊन चालत नाही, हळूहळू गरम होऊ द्यावं लागतं, त्यामुळे हॉलमध्ये करण्यासारखं फार काही नव्हतं. लोक रांगांमधून चालत होते, कोणतं हलतंय बघत होते.

पाणी जरा कोमट झाल्यावर त्यांना होडीने खोल समुद्रात नेलं, होडीच्या कडेला एक घसरगुंडी लावली आणि एकेक करून सोडून दिलं.

[घसरगुंडीवरून कासव पाण्यात पडल्याचा आवाज. मग पुढचं. मग पुढचं.]