कोस्टा रिकातील बक्षिसी

श्रोतेहो, नमस्कार. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात हॉटेलात जेवून उठताना बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवण्याची आपली सवय आवरावी लागते, कारण तेथे १९७२ च्या कायद्यानुसार वाढप्याची दहा टक्के बक्षिसी बिलातच धरलेली असते. कोलोन हे तेथील चलन. पाच हजार कोलोनच्या जेवणावर तेरा टक्के कर म्हणजे ६५० आणि सेवेचे ५०० मिळून ६,१५० कोलोन होतात. बिलात ‘सेर्व्हिसिओ’ हा शब्द दिसला, की बक्षिसी दिली गेली असे समजावे. पुन्हा सांगतो, ‘सेर्व्हिसिओ’ म्हणजेच बक्षिसी.

टॅक्सीची रीत मात्र मला फजिती झाल्यावर कळली. सान होसेमध्ये मुक्कामाच्या ठिकाणच्या व्यवस्थापकांनी बजावले होते, की लाल टॅक्सीत बसताच ‘मारिया लावा’ असे चालकाला सांगा. माझे स्पॅनिश बेताचेच असल्यामुळे मारिया ही कोणी गायिका असून तिची गाणी लावण्याची तेथे प्रथा असावी, असे मी गृहीत धरले. चालकाने मीटर सुरू केला. मी गाण्याची वाट पाहत राहिलो. चार चौक ओलांडल्यावर मी पुन्हा नम्रपणे मारियाची आठवण केली, तेव्हा त्या वयस्क गृहस्थांनी मीटरवर बोट टेकवले आणि ते इतके हसले, की त्यांना टॅक्सी कडेला घ्यावी लागली. तेथे मीटरलाच ‘मारिया’ म्हणतात! उतरताना मीटरवर २,७८० कोलोन होते. मी तीन हजार दिले आणि ओशाळून वर आणखी एक हजाराची नोट ठेवली. त्यांनी तीन हजार खिशात घातले, हजाराची नोट परत केली आणि मारियाकडे बोट दाखवून मान हलवली. टॅक्सीला बक्षिसी नसते, फार तर रक्कम पूर्ण करतात, हे मला असे समजले. (आपल्याकडे मीटरला असे माणसाचे नाव दिले असते, तर त्याचा शब्द अधिक पाळला गेला असता, असे माझे खासगी मत आहे.)

मोंतेव्हेर्देच्या मेघवनात पक्षी दाखवणाऱ्या वाटाड्याला आणि रस्त्यावर गाडी राखणाऱ्या ‘ग्वाचिमान’ला मात्र हातात काही द्यावे, ग्वाचिमानला काही शे कोलोन पुरतात. डॉलर चालतात, पण नोटाच द्याव्यात. डॉलरची नाणी तेथील बँका बदलून देत नाहीत, त्यामुळे ती घेणाऱ्याच्या खिशातच पडून राहतात.