वजन उतरलं, आता कातडीचं माप कसं घ्यायचं?

(दादर इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात, गाड्या उशिरा धावत असताना तुम्ही आलात, तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही.

बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर केलेलं ऑपरेशन, करून म्हणा किंवा डाएट-व्यायामाने म्हणा, पन्नास-साठ किलो उतरवलेला माणूस प्लास्टिक सर्जनकडे येतो तो वजनाची तक्रार घेऊन येत नाही. त्याची तक्रार असते उरलेल्या कातडीची. वर्षानुवर्षं ताणल्यामुळे कातडीतले लवचीक तंतू निकामी झालेले असतात. आतली चरबी गेली तरी ती परत आवळून बसत नाही. मग ओटीपोट मांडीवर लोंबतं, दंडाखाली पिशव्या होतात, मांड्या घासतात. विरार लोकलमध्ये तासभर उभं राहून घरी पोचलेल्या बाईला विचारा, त्या घडीखाली काय होतं ते. घाम, पुरळ, बुरशी, वास, कधी कधी जखमसुद्धा.

या शरीराचं माप कशात घ्यायचं? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, इथे जवळजवळ मुका आहे. दोघांचा बीएमआय 27, पण एकाचं पोट सपाट आणि दुसऱ्याची कातडी गुडघ्याकडे निघालेली, असं सर्रास दिसतं. म्हणून 2005 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सर्जननी एक श्रेणी मांडली. शरीराचे 10 भाग करायचे आणि प्रत्येकाला 0 ते 3 गुण द्यायचे. फार कामाची आहे, पण शेवटी बघणाऱ्याच्या नजरेवर चालते.

टेपची तऱ्हा वेगळीच. ब्लाउजचं माप देताना टेलर टेप जरा ओढतो की सैल धरतो, त्यावर फिटिंग ठरतं ना? आमच्याकडेही तेच, आणि वर आणखी एक पेच. टेप लोंबत्या घडीच्या वरून न्यायची की घडी उचलून खालून? आज सिस्टरने वरून नेली, सहा महिन्यांनी दुसऱ्या सिस्टरने खालून, की फाइलमधले दोन्ही आकडे वाया.

इथे थ्रीडी स्कॅन खरोखर मदतीला येतो. पद्धत समजायला अवघड नाही. वेगवेगळ्या कोनांतले कॅमेरे एकाच क्षणी फोटो काढतात, संगणक त्यांतले समान बिंदू जुळवतो आणि शरीराचा पृष्ठभाग उभा करतो. काही यंत्रं अंगावर प्रकाशाच्या रेघा टाकतात आणि त्या कशा वाकल्या यावरून उंचसखलपणा काढतात. एकदा पृष्ठभाग मिळाला, की हव्या त्या उंचीवरचा घेर, दोन बिंदूंमधलं अंतर, दंडाचं किंवा स्तनाचं आकारमान, सगळं स्क्रीनवर काढता येतं आणि ऑपरेशनआधीचं-नंतरचं रूप एकावर एक ठेवून बघता येतं. अट एकच: उभं राहण्याची पद्धत तीच हवी. पाय जमिनीवरच्या खुणांवर, हात ठरलेल्या कोनात, श्वास सोडलेला. दंड थोडा वर उचलला तरी खालची कातडी वेगळी लोंबते आणि माप बदलतं.

आता गंमत ऐका. कॅमेऱ्याला प्रकाश पोचतो तेवढंच दिसतं. ओटीपोटाच्या घडीखाली, काखेत, मांड्यांच्या मध्ये अंधार. तिथे एक तर मॉडेलला भोक पडतं, नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने गुळगुळीत ठिगळ लावून टाकतं. स्क्रीनवर छान दिसतं. पण पेशंटचं दुखणं नेमकं त्या ठिगळाखाली असतं.

शिवाय स्कॅन कातडीचा आकार सांगतो, ढिलेपणा सांगत नाही. किती कापली तर कडा ताणाशिवाय जुळतील, हे सर्जन अजून चिमटीत धरूनच ठरवतो. त्यासाठी पेशंटला उभं करतो आणि मार्कर पेनने रेघा मारतो, कारण आडवं झालं की कातडी दोन्ही बाजूंना ओघळते आणि अंदाज चुकतो. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत का, हर्निया आहे का, हे हाताने तपासून आणि लागलीच तर सोनोग्राफी-सीटी करून कळतं. हिमोग्लोबिन, प्रथिनं, बी12 रक्तातच बघावे लागतात. आणि वजन निदान तीन ते सहा महिने एका जागी थांबलेलं हवं; नाही तर आज घेतलेलं सुंदर स्कॅन दिवाळीपर्यंत शिळं.

माझा खरा राग आहे तो 'ऑपरेशननंतर तुम्ही अशा दिसाल' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चित्रांवर. लोअर बॉडी लिफ्टचा, म्हणजे कमरेभोवतीची सैल कातडी कापून खालचा भाग वर ओढण्याच्या ऑपरेशनचा, व्रण कमरेभोवती गोल फिरतो. त्या चित्रात तो बहुतेक वेळा नसतोच. कोणी असं चित्र दाखवलं तर विचारा, 'डॉक्टर, व्रण कुठे येणार तो यावर काढून दाखवा.'

कातडी काढायचा खर्च आरोग्य विम्यातून मिळतो का, असा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आलाय. आपल्या पॉलिसींमध्ये रूप बदलण्यासाठीचा उपचार वगळलेला असतो. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. कातडी काढण्याचा खर्च मिळेलच असं नाही. तरी दावा करायचा असेल तर रंगीत स्कॅनच्या भरवशावर राहू नका. घडी हाताने उचलून, खालच्या चट्ट्यांचे तारखेसह साधे फोटो काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. तो पुरावा थ्रीडी कॅमेऱ्याला मिळतच नाही.