नळी उघडण्याआधी

(परभणीत नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

लेकरांनो, आणि त्यांना इथवर घेऊन आलेल्या आई-बाबांनो,

गुण घसरले की पहिला आळ नळीवर येतो. माझ्या वर्कशॉपमध्ये रायफल घेऊन येणारे बहुतेक जण दारातूनच सांगतात, "नळी गेली, काहीतरी करा." नळी अशी सहजासहजी जात नसते. दहा मीटरच्या एअर रायफलचा छर्रा शिशाचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. त्यात दारू नाही, जळण नाही, तांब्याचं आवरण नाही. मऊ शिसं पोलादाला झिजवून झिजवून किती झिजवणार? हजारो छर्रे गेले तरी चांगल्या नळीचा पीळ, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, शाबूत असतो. ती बिघडते ती आपल्या हातून. उघड्या लोखंडी गजाने, नको त्या तेलाने, तोंडाला बसलेल्या एका ठोक्याने.

पण म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो. तिथून बाहेरचं प्रत्येक कडं अडीच मिलिमीटरवर, म्हणजे पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण गेला. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते ७००.५ गुणांवर, दुसरा ६९९.७ वर होता. या खेळात ०.८ हा एवढा मोठा आकडा आहे. त्यामुळे नळीची काळजी घ्यायचीच, फक्त डोळे उघडे ठेवून.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कागद घ्या. रायफल उशीवर नीट टेकवा, एकाच ठिकाणी नेम धरून पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारा (छिद्रं जितकी जवळ, तितका गट चांगला) आणि ते कागद तारीख टाकून ठेवून द्या. मग छर्ऱ्याचा डबा बदला. त्याच कंपनीच्या वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या खेपेला बनलेला, छर्रासुद्धा एखाद्या नळीला मानवत नाही. गट तिथेच सुधारला तर नळीला हात लावायचं कारणच उरलं नाही. नंतर सगळे स्क्रू तपासा, दिओप्टर साइट, म्हणजे डोळ्याजवळची बारीक छिद्राची नेमपट्टी, हलते का ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गट सुधारला, तर कशाने सुधारला हे कोण सांगणार?

आता खोलण्याचं. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची एअरगन असेल तर तिची स्प्रिंग घरी खोलू नका. ती बंद असतानाही दाबलेली असते. शेवटचा आटा सुटला की आतले भाग गोळीसारखे बाहेर येतात. त्या बंदुकीत घरी बघण्यासारखी जागा म्हणजे नळी जिथे मिटते तिथलं सील. सांध्यावर टिश्यू पेपरचा कपटा ठेवा आणि नेम सुरक्षित ठिकाणी धरून एक छर्रा मारा. कपटा उडाला तर हवा तिथून गळते. सील स्वस्तात मिळतं.

दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच (स्पर्धेची) रायफल असेल तर आधी खात्री करा की छर्रा आत नाही. मग सिलिंडर काढा. तो काढल्यावरही आत थोडी दाबाची हवा उरते, रायफल लक्ष्याकडे रोखून, रिकामा घोडा दाबून ती हवा सोडून द्या. त्यानंतरच एलन की, म्हणजे स्क्रू खोलायची षटकोनी किल्ली, हातात घ्या. आणि नळी हलवण्याआधी नळीवर आणि ती ज्यात बसते त्या ब्लॉकवर मिळून पेन्सिलची एक बारीक रेघ ओढा. बऱ्याच रायफलींत हवा खालच्या एका छोट्या छिद्रातून नळीत येते. परत बसवताना नळी जराशी फिरली तर ते छिद्र अर्धं झाकलं जातं, वेग पडतो, आणि मग माणूस विनाकारण रेग्युलेटरला, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला, दोष देत बसतो.

नळी हातात आली की माझी आवडती तपासणी. एक छर्रा मागच्या बाजूने घाला आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या गजाने अगदी सावकाश पुढे ढकला. बोटांना सगळं कळतं. सुरुवातीला तो पिळात घुसताना अडतो, मग एकसारखा सरकत जातो, आणि तोंडाजवळ शेवटच्या काही सेंटिमीटरांत पुन्हा घट्ट होतो. तो घट्टपणा दोष नाही. बऱ्याच चांगल्या नळ्या तोंडाशी मुद्दाम किंचित अरुंद केलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक छर्रा शेवटी एकाच मापाचा होऊन सुटतो. मध्येच कुठे सैल पडला किंवा खरखरला, तर ती जागा गजावर खूण करून ठेवा. बाहेर आलेला छर्रा भिंगाखाली धरा. पिळाच्या खाचा सगळीकडे सारख्या उमटल्या असतील तर नळी ठणठणीत आहे.

हे सांगतो कारण "नळी थोडी कापून द्या, हलकी होईल" असं सांगणारे येतात. कापली की तोच अरुंद भाग गेला. उरते ती नुसती पिळाची पाइप.

तोंडाची कड ही खरी नाजूक जागा. छर्रा सुटतो त्या क्षणी मागची हवा त्याच्या चहूबाजूंनी सारखी सुटली पाहिजे. कडेला एका बाजूला खरचट असेल तर हवा तिथून आधी निसटते आणि छर्ऱ्याला तिरका धक्का देते. कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक टोकदार उंचवटा, आहे. पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून घासू नका, कड एकीकडे जास्त उतरते. संभाजीनगरकडे वाळूजला, चिकलठाण्याला लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं बसली आहेत. नळी बोअरवरून, म्हणजे आतल्या पोकळीवरून, मध्यात धरून कड नव्याने घ्यायला सांगा. बाहेरच्या अंगावरून धरली तर कड बोअरला काटकोनात येईलच असं नाही.

सफाईचं थोडक्यात. नायलॉनचा दोरा दुमडा, त्यात सुती कापडाचा तुकडा अडकवा, मागून पुढे ओढा. पितळी ब्रश नको. उन्हाळ्यात आपल्याकडे काळ्या मातीची धूळ बंद पेटीतही शिरते. तेल लावलेल्या नळीत ती चिकटते आणि मऊ शिसं तिचे कण ओढत नेतं. म्हणून तेल पावसाळ्यात गंज नको म्हणून नावापुरतं, आणि नेमबाजीआधी कोरडं कापड. दोनशे बार दाबाच्या हवेच्या वाटेत तर साधं तेल कधीच नको, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

ताकद वाढवून द्या, असंही कुणी म्हणतं. बहुतेक शेतातल्या जनावरांसाठी. मी नाही म्हणतो. २० ज्यूलच्या वर गेलेली एअरगन शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्याच्या कक्षेत येते, आणि मोर किंवा हरीण मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. दहा मीटरला साडेसात-आठ ज्यूल पुरतात. वेग वाढला की उलट गट फाकतो.

आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. नळी पुसलेलं कापड शिशाने काळं होतं. ते स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. लेकराने हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, नेमबाजी चालू असताना बिस्किटसुद्धा नाही. शिसं वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला बाधतं. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. झाडूने ती भुकटी हवेत उडते.