टॉवेल पाणी का पीत नाही

नमस्कार मंडळी. जानेवारीत हवा जरा कोरडी होते, तुम्ही सकाळी जॉर्जेटची साडी नेसून निघता आणि स्टेशन येईपर्यंत साडी परकराला अशी काही चिकटते की चालायची चोरी. ऑफिसात एसीमध्ये तर दाराच्या हँडलला हात लावला की चट्‌कन चटका बसतो. आता हीच साडी जुलैत नेसून बघा, काहीसुद्धा होत नाही. साडी तीच, नेसणारी तीच, मग फरक कुठे पडला? तर हवेतल्या पाण्यात.

म्हणजे कसंय, कापड कापडावर घासलं की विजेचा भार साठतो. सुती कापड हवेतली ओल धरून ठेवतं, प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत साधारण ८.५ टक्के, आणि त्या ओलीतून भार निघून जातो. पॉलिएस्टर धरतं जेमतेम ०.४ टक्के, त्यामुळे भार जातोय कुठे, तिथेच बसून राहतो. आपल्या गिरणगावात साच्यांवर, म्हणजे मागांवर, ओल लागायची ती मात्र धागा तुटू नये म्हणून, दमट हवा हा या शहराचा घाम काढणारा गुण, पण सुतासाठी तो वरदानच होता.

आता जिथे हवा ओल देत नाही तिथे ती कापडावरच आणून बसवायची, ही सॉफ्टनरची, म्हणजे कपडे मऊ व्हावेत म्हणून धुताना टाकतात त्या बाटलीतल्या मालाची, युक्ती. मी एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवून तयार करणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, तिथे त्याला फ्लेक्स म्हणायचे, मेणासारखे तुकडे, गरम पाण्यात विरघळवून कापडावर मारायचे. ह्या मालाला कॅटायनिक सर्फॅक्टंट म्हणतात, नावाला घाबरू नका. प्रत्येक कणाला एक डोकं असतं धन भाराचं आणि मागे चरबीची लांब शेपटं. पाण्यात कापडाचा तंतू ऋण भाराचा होतो, म्हणून डोकं तिथे जाऊन घट्ट चिकटतं आणि शेपटं बाहेर. घर्षण कमी होतं, वर थोडी ओल धरली जाते, भार वाहून जातो. केसांच्या कंडिशनरमध्ये हेच चालतं बरं का, म्हणून शँपूनंतर तो लावला की कंगवा फिरवताना केस उडत नाहीत. आणि डिटर्जंट सहसा उलट्या भाराचं असतं, म्हणून सॉफ्टनर नेहमी शेवटच्या पाण्यात टाकायचं, दोघांना एकत्र टाकलंत तर ते एकमेकांनाच मिठी मारतात आणि कपड्याला चिकट गाळ मिळतो. माझ्या बहिणीने हे दोन वर्षं केलं आणि वर मशीनला नावं ठेवली.

पण मग टॉवेल? टॉवेल मऊ होतो, छान होतो आणि अंग पुसायला गेलं की पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतो. कारण बाहेर आलेली ती शेपटं. चरबीची आहेत ना, पाणी त्यांना नको असतं. आम्ही लॅबमध्ये कापडावर एक थेंब टाकून त्याची चमक जाईपर्यंत सेकंद मोजायचो, बस्स, एवढीच टेस्ट. तुम्हीसुद्धा आज करून बघा, न धुतलेला नवा टॉवेल मात्र घेऊ नका, त्यावर कंपनीचंच फिनिश असतं, जुनाच घ्या. यावर एक गंमतशीर उपाय निघाला. शेपटं सरळ असली की ती काड्यांच्या पेटीसारखी दाटीवाटीने बसतात, पाण्याला वाटच नाही. पण काही तेलांतली शेपटं मधे वाकडी असतात, आणि कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात तसं, त्यांच्यात फटी राहतातच, त्या फटीतून पाणी आत शिरतं. मऊपणा किंचित कमी, पण टॉवेल पाणी पितो.

आता मला खरं सांगायचंय ते पुढचं. जुना माल, दोन शेपटांचा आणि मजबूत जोडणीचा, कापडावर उत्तम, पण नाल्यात गेला की गाळाला चिकटून बसायचा, जंतूंना तो सहज खाता यायचा नाही. युरोपात १९९० च्या सुमारास कंपन्यांनी तो बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि एस्टरक्वाट आला. त्यात डोकं आणि शेपूट यांच्यामध्ये मुद्दाम एक कच्चा सांधा ठेवलेला असतो, एस्टरचा. शिवणकाम करणाऱ्यांना लगेच कळेल, तो धावदोरा असतो! पक्की शिलाई नाही, ओढला की सुटणारा. बाटलीत आम्ल पाणी असतं, पीएच तीनच्या आसपास, तिथे तो टिकतो. गटारात, नदीत पाणी तेवढं आम्ल नसतं, जंतूही असतात, तिथे तो सुटतो, चरबी एकीकडे, डोकं एकीकडे, मग दोन्ही पचतात. सहज विघटनशील म्हणायचं तर नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत किमान ६० टक्के पचायला हवं, अशी पट्टी आहे. अर्थात सुटायच्या आधी हा माल पाण्यातल्या जिवांना त्रास देतोच, म्हणून टोपणभर ऐवजी अर्धं टोपण टाकलं तर काही बिघडत नाही, बाटलीवर लिहिलेलं माप विकणाऱ्यानेच लिहिलेलं असतं ना.

आमच्या घरी टॉवेल आणि टिपकागदासारखी पुसायची फडकी साध्या पाण्यातच निघतात, आणि बायकोची जॉर्जेट तेवढी अर्ध्या टोपणात, तीही जानेवारीपुरती. जुलैत बाटली कपाटात असते. बरंय मंडळी, येतो, गच्चीवरचे कपडे राहिलेत.